जुन्या ट्रॅक्टरचा क्लच : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुन्या ट्रॅक्टरच्या क्लचविषयी तक्रार उद्भवली की, दोष कुठे आहे याची शहानिशा होण्यापूर्वीच नव्या प्लेटची खरेदी होते. आणि इंजिन व गिअरबॉक्स परस्परांपासून विलग केल्यावाचून ज्या भागापर्यंत हात पोहोचत नाही, त्याच्या बाबतीत केलेली ही घाई ऐन हंगामात शेतकऱ्याला महागात पडते.

गैरसमज : नांगरताना ओढ कमी पडली, म्हणजे इंजिन थकले.

वस्तुस्थिती : थकलेल्या इंजिनाचे फेरे ओझ्याखाली मंदावतात, परंतु फेरे चढत असूनही ट्रॅक्टरची चाल मंदावते, चाके जागच्या जागी फिरत नाहीत आणि जळका वास सुटतो, तेव्हा क्लच घसरत आहे असे समजावे. खातरजमेसाठी सपाट, मोकळ्या जागी ब्रेक पक्के लावून, वरचा गिअर टाकून पेडल सावकाश सोडावे : इंजिन बंद पडले तर पकड शाबूत, चालूच राहिले तर ती गेली. ही परीक्षा क्षणभरातच आटोपावी, अन्यथा प्लेटचे अस्तर जळते.

गैरसमज : गिअर करकरतो, तो गिअरबॉक्सचाच दोष.

वस्तुस्थिती : पेडल पूर्ण दाबूनही उभ्या ट्रॅक्टरचे सर्वच गिअर करकरत असतील, तर बहुधा क्लच पुरता सुटत नसतो. पेडलची मोकळी चाल प्रमाणाबाहेर वाढणे, फिंगरांची उंची असमान होणे, प्लेट वाकणे किंवा पायलट बेअरिंग जाम होणे, ही त्याची कारणे होत. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. म्हणून दीर्घकाळ उभा करताना पेडल दाबून अडकवून ठेवण्याची तजवीज करावी.

गैरसमज : प्लेट झिजली की पेडल सैल पडते.

वस्तुस्थिती : नेमके उलट घडते. अस्तर पातळ झाले की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे सरकते, फिंगर रिलीज बेअरिंगकडे येतात आणि मोकळी चाल घटत जाते. ती संपली की बेअरिंग फिंगरांना सतत टेकून राहते व क्लच घसरू लागतो. पेडलवर पाय विसावून ट्रॅक्टर चालवणाराही अजाणतेपणी हेच घडवून आणतो. पट्टीने चाल मोजून, माहितीपुस्तिकेतील मापाप्रमाणे रॉड जुळवला, तर पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते.

गैरसमज : घसरणाऱ्या क्लचला नवी प्लेट हाच इलाज.

वस्तुस्थिती : इंजिनाच्या मागील सीलमधून किंवा गिअरबॉक्सच्या शाफ्टवरील सीलमधून तेल झिरपत असेल, तर नवी प्लेटही लवकरच तेलकट होऊन निकामी होते, म्हणून प्रथम सील बदलावे. दुहेरी क्लचच्या ट्रॅक्टरात अर्ध्या दाबाने चाके व पूर्ण दाबाने पी.टी.ओ. थांबतो; रोटाव्हेटरच तेवढा मंदावत असेल आणि ओढ ठीक असेल, तर संशय पी.टी.ओ.च्या प्लेटवर घ्यावा.

ट्रॅक्टर खोलणे अपरिहार्यच ठरले, तर चाके अडवून, पुढच्या आसावर पाचरी ठोकून, दोन्ही भागांखाली भक्कम आधार द्यावा. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकत असल्याने धूळ हवेने न उडवता ओल्या फडक्याने टिपावी. आणि इतका खटाटोप झालाच आहे, तर बेअरिंग, सील व फ्लायव्हीलचा पृष्ठभाग यांची तपासणी त्याच वेळी करावी, कारण तेथे वाचवलेला किरकोळ खर्च पुढे तीच सारी मजुरी पुन्हा भरायला लावतो.