कावळा डोक्यात टोच का मारतो?

मे महिना लागला की इथं सिद्धेश्वरला आमच्या बचत गटाच्या बैठकीत एक तक्रार हमखास येते. कुणाच्या डोक्यावर कावळ्यानं झडप घातलेली असते, कुणाच्या मागं धसकटं वेचताना टिटवी लागलेली असते. गेल्या उन्हाळ्यात तर एका ताईंनी गटाकडं कर्ज मागितलं. कारण सांगितलं, “शांत करायची आहे.” त्यांच्या डोक्याला कावळा शिवला होता. अपशकुन टळावा म्हणून घरच्यांनी जुन्या रीतीप्रमाणं त्या वारल्याचा खोटा निरोपही माहेरी धाडला. तो ऐकून त्यांची म्हातारी आई चक्कर येऊन पडली.

आम्ही चौघीजणी त्यांच्या दारात जाऊन उभ्या राहिलो, तर आमच्याही डोक्यावर घिरट्या सुरू! त्या हिशेबानं आम्हा चौघींचीही शांत करावी लागली असती. वर पाहिलं तर दारातल्या लिंबावर घरटं होतं आणि खाली तुराट्यांच्या ढिगात एक पिलू पडलेलं होतं. ताई रोज सरपणासाठी त्याच ढिगात हात घालायच्या. कावळ्याला वाटायचं, या आपलं पिलू न्यायला येतात.

सगळं कारण एवढंच आहे. आपल्याकडं कावळे साधारण एप्रिल ते जून घरटी करतात. अंडी घालण्यापासून पिलं उडेपर्यंत सव्वा-दीड महिना जातो. पिलू नवं नवं उडायला लागतं तेव्हा ते खाली पडतं, झुडपात अडकतं, आणि तेव्हाच आईबाप जास्त चवताळतात. गंमत अशी, की घरट्यात कोकिळेनं अंडं घातलेलं असलं तर कावळा तिच्या पिलासाठीही तेवढाच भांडतो.

कावळा माणूस ओळखून ठेवतो, हेही खरं आहे. अमेरिकेत सिॲटलच्या विद्यापीठातल्या जॉन मार्झलफ यांनी 2006 मध्ये एक ठरावीक मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढं कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे ओरडत अंगावर यायचे. दुसऱ्या मुखवट्याला मात्र फारसं कुणी विचारत नसे. 2019 मध्ये मध्य प्रदेशातल्या शिवपुरी जिल्ह्यातल्या एका मजुराची बातमी आली होती. जाळीत अडकलेलं पिलू त्यानं सोडवायला घेतलं, ते हातातच मेलं, आणि तीन वर्षं कावळे त्याच्या मागं लागले. त्याचा हेतू चांगला होता, पण कावळ्यानं पाहिलं ते हातातलं पिलू. म्हणून पडलेलं पिलू उगाच हातात घेऊ नका. मांजर-कुत्रं तेवढं लांब ठेवा.

टिटवीची गोष्ट वेगळी. ती झाडावर जात नाही, उघड्या रानात खड्यांमध्ये अंडी घालते. बहुतेक वेळा चार अंडी, ढेकळासारखी ठिपक्याठिपक्यांची, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. लपवायला जागा नाही, म्हणून ती ओरडून, डोक्यावरून सपकन जाऊन आपल्याला हुसकावते. बहुतेकदा अंगाला लागतही नाही. गाय-म्हैस आली तरी ती पंख पसरून समोर उभी राहते. “टिटवी देखील समुद्र आटविते” ही म्हण उगाच नाही पडली. रात्री टिटवी ओरडली की कुणीतरी जाणार असं म्हणतात, पण बहुधा घरट्याजवळून कोल्हं किंवा कुत्रं गेलेलं असतं.

कोतवाल पक्षीही असाच, घारीलाही पळवून लावतो. घार मात्र दोन कारणांनी येते. उंच झाडावर किंवा टाकीवर घरटं असलं तर पिलासाठी, नाहीतर खाण्यासाठी. धरणावरून मासे आणणाऱ्या बायांनी पाटी झाकून आणावी, हे सांगायला नकोच.

आता करायचं काय? पक्षी बहुतेक वेळा पाठीमागून येतो. त्याच्याकडं तोंड करून बघत राहिलं तर तो बिचकतो. डोक्यावर छत्री, टोपलं किंवा नुसता जाड टॉवेल असला तरी भागतं. दगड मारू नका, तो तुम्हालाच लक्षात ठेवेल. जमलं तर तीन-चार आठवडे वाट बदला आणि लेकरांना त्या झाडाखाली खेळू देऊ नका. टोच लागून रक्त आलं तर साबणानं जखम भरपूर पाण्यात धुवा आणि दवाखान्यात धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. डोळ्याजवळ लागलं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. कुत्रं चावल्यावर होतो तसा रेबीज पक्ष्यापासून होत नाही, तेवढी भीती काढून टाका.

त्या ताईंनी तुराट्यांचा ढीग आठवडाभर तसाच राहू दिला. पिलू उडालं, कावळ्याचं येणं थांबलं. शांतीसाठी मागितलेल्या कर्जाचं त्यांनी बियाणं घेतलं. पेरणीआधी पाळी घालताना त्यांच्याच रानात टिटवीची अंडी निघाली, तेव्हा चारी बाजूंनी काड्या रोवून त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला तेवढी जागा सोडायला लावली.