पाहुणे रानहंस घरजावई होतात तेव्हा

गदग जिल्ह्यातील मागडीच्या तळ्यावर किंवा वडोदऱ्यानजीकच्या वढवाणा जलाशयावर हिवाळ्याच्या दिवसांत भल्या पहाटे गेलेल्या माणसाला पट्टकादंबांचे थवे शेतांवरून परतून पाण्यात उतरताना दिसतात. डोक्यावर दोन काळे पट्टे मिरविणारे हे रानहंस तिबेट व मंगोलियाकडील सरोवरांकाठी वीण घालतात, थंडीच्या तोंडावर हिमालय ओलांडून आपल्याकडे उतरतात, शिवारात चरतात आणि उन्हाळा जवळ येताच आल्या वाटेने परत जातात. ते पिकात तोंड घालतात हे खरे. पण जाणारा पाहुणा म्हणून त्यांचे चालवून घेतले जाते. हाच पाहुणा परत जाण्याचे नाव न घेता कुटुंबकबिल्यासह कायमचा मुक्कामाला राहिला तर काय होते, याचा अनुभव अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांतील शेकडो शहरे गेली कित्येक वर्षे घेत आहेत. तेथील नदीकाठची व तळ्याकाठची उद्याने ‘कॅनडा हंस’ या नावाच्या रानहंसांनी व्यापली असून, या पाखरांचे करावे तरी काय, यावर नगरपालिकांच्या सभा गाजत असतात.

कॅनडा हंसाची मान व डोके काळेभोर असते आणि हनुवटीखालून गालांपर्यंत पांढरा पट्टा असतो. मोठ्या जातीचा नर पाच-सहा किलो सहज भरतो. नरमादीची जोडी बहुधा आयुष्यभर टिकते. वसंत ऋतूत मादी पाच-सहा अंडी घालते व सुमारे २८ दिवस ती उबविते. नर त्या अवधीत पहारा करतो आणि वाटेने जाणाऱ्या माणसाच्या अंगावर पंख उगारून धावून जाण्यास तो कचरत नाही. पिल्ले अंड्यातून बाहेर पडताच एक-दोन दिवसांत आईबापांमागून पाण्यात उतरतात. या पक्ष्याच्या दोन सवयी वाचकांनी ध्यानात ठेवाव्यात, कारण पुढील सर्व हकीकत त्यांवरच उभी आहे. पहिली ही की, पिल्लू ज्या ठिकाणी उडावयास शिकते त्याच ठिकाणी ते मोठेपणी वीण घालावयास परतते. दुसरी ही की, स्थलांतराचा मार्ग ते आईबापांबरोबर उडून शिकते. ज्याच्या आईबापांनी कधी स्थलांतर केले नाही, त्याला दक्षिणेची वाट दाखविणारे कोणी नसते.

नामशेष ठरलेली जात

आज उपद्रवी म्हणून गणला जाणारा हा पक्षी शंभर वर्षांपूर्वी दुर्मीळ झाला होता, हे ऐकून आश्चर्य वाटेल. एकोणिसाव्या शतकात बाजारात विकण्यासाठी त्याची बेसुमार शिकार झाली, पाणथळ जमिनींचा निचरा करून तेथे शेती आली आणि घरट्यांतील अंडीही माणसांनी पळविली. शिकारीची एक रीत तर विशेष निर्दय होती. पंख छाटलेले पाळीव हंस पाण्यावर सोडून ठेवावयाचे, त्यांच्या हाकेला भुलून आकाशातील थवा खाली उतरला की बंदुका चालवावयाच्या. १९१६ साली संयुक्त संस्थाने व कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात स्थलांतरी पक्ष्यांच्या संरक्षणाचा करार झाला आणि १९१८ साली त्याप्रमाणे अमेरिकेत कायदा झाला. पुढे १९३५ साली जिवंत आमिषाच्या शिकारीवर बंदी आली. पाळलेल्या हंसांचा आता उपयोग उरला नाही. मालकांनी त्यांतील बरेचसे सोडून दिले. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात व आवारात वाढलेल्या या पक्ष्यांना स्थलांतर ठाऊकच नव्हते. जेथे सुटले तेथेच ते राहिले.

या पक्ष्याची सर्वांत मोठी पोटजात तर नष्ट झाली असेच तज्ज्ञ समजत होते. १९६२ साली हॅरल्ड हॅन्सन हे पक्षीतज्ज्ञ मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर गावी गेले. तेथील सिल्व्हर लेक या तळ्यावर हिवाळ्यात उतरलेल्या हंसांची वजने घेतली असता ती इतकी भरली की तराजूविषयीच शंका आली. नामशेष ठरविलेली ती थोराड जात भर वस्तीत सुखाने नांदत होती! तिच्या येथे टिकण्याची कारणे बोलकी आहेत. मेयो रुग्णालयाचे एक संस्थापक डॉ. चार्ल्स मेयो यांनी आपल्या इस्टेटीवर असे हंस पाळले होते. पुढे तळ्याकाठी वीजकेंद्र उभे राहिले. केंद्रातून येणाऱ्या कोमट पाण्यामुळे कडाक्याच्या थंडीतही तळे पूर्णपणे गोठेनासे झाले, आणि मोकळे पाणी मिळताच हंसांना आणखी दक्षिणेस जाण्याचे प्रयोजन उरले नाही.

या शोधाने सर्वत्र आनंद झाला. अनेक राज्यांच्या वन्यजीव खात्यांनी पुढील वीस-पंचवीस वर्षे हे हंस मुद्दाम वाढविले आणि ठिकठिकाणच्या तळ्यांवर नेऊन सोडले. प्रयत्न करणाऱ्यांच्या अपेक्षेपलीकडे यश आले. या शतकाच्या आरंभी संयुक्त संस्थानांतील स्थायिक, म्हणजे स्थलांतर न करणाऱ्या, कॅनडा हंसांची संख्या तीस लाखांच्या वर गेल्याचा अंदाज होता. सरकारी खात्याच्या कामाला अपयश आल्याच्या कथा पुष्कळ ऐकू येतात. हे उदाहरण यश फार आल्याचे आहे.

हिरवळीचे वाढलेले ताट

शहरातील उद्यानच या पक्ष्याला का आवडावे? हंस गवत खाणारा पक्षी आहे. नगरपालिका ज्या हिरवळीला खत-पाणी घालते व दर आठवड्याला यंत्राने कापते, तिला सतत कोवळे, पौष्टिक कोंब फुटतात. ती पाण्याच्या कडेपर्यंत सपाट पसरलेली असल्यामुळे कोल्हा किंवा कुत्रा दुरूनच दिसतो आणि पिल्लांना पाण्यात नेण्यास चार पावलेही पुरतात. शहराच्या हद्दीत बंदूक चालविण्यास मनाई असते. शिवाय पावाचे तुकडे घेऊन मुलाबाळांसह येणारी माणसे असतात. जून-जुलै महिन्यांत मोठ्या हंसांची उडण्याची पिसे झडून महिनाभर त्यांना मुळीच उडता येत नाही. त्या काळात तर खाणे, पाणी व निर्भयता एकत्र असलेली अशी जागा त्यांना अमोल वाटते. थोडक्यात, माणसाने स्वतःच्या डोळ्यांना सुख व्हावे म्हणून जे केले, तेच नेमके हंसांच्या पथ्यावर पडले.

गवत हंसाच्या पोटातून फार लवकर बाहेर पडते. दिवसभर खाणे आणि दर काही मिनिटांनी विष्ठा टाकणे असा त्याचा क्रम असतो. शेदोनशे हंस उतरत असलेल्या हिरवळीवर सतरंजी अंथरून बसणे अशक्य होते, पायवाटा निसरड्या होतात व मुलांची खेळाची मैदाने ओस पडतात. विष्ठेतील नत्र व स्फुरद पाण्यात उतरून तळ्यांवर शेवाळ माजते. पाण्यात जंतूंचे प्रमाण वाढल्यास पोहण्याच्या जागा काही दिवस बंद ठेवाव्या लागतात. तक्रारींच्या थप्प्या उद्यान खात्याकडे येतात. परंतु त्याच खात्याकडे, पिल्लांची रांग रस्ता ओलांडीत असता वाहने थांबवा, अशी विनंती करणारी पत्रेही येतात. पुष्कळदा दोन्ही पत्रे एकाच आळीतून येतात.

हडसन नदीतील विमान

१५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून सुटलेल्या प्रवासी विमानाच्या दोन्ही इंजिनांत कॅनडा हंस शिरले आणि इंजिने निकामी झाली. कप्तान चेस्ली सलनबर्गर यांनी विमान हडसन नदीच्या पात्रात उतरविले व विमानातील सर्व १५५ जणांचे प्राण वाचले. सर्वांचेच नशीब असे नसते: सप्टेंबर १९९५ मध्ये अलास्कातील एल्मेंडॉर्फ तळावरून उडालेले एक लष्करी विमान अशाच धडकेने कोसळून २४ जण मृत्युमुखी पडले होते.

न्यूयॉर्कच्या घटनेनंतर लोकांच्या मनात हंसांविषयी धास्ती बसली. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात विमानतळांच्या आसपासच्या जागांवरील हजाराहून अधिक हंस पकडून मारण्यात आले. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील संशोधकांनी इंजिनांत सापडलेल्या पिसांची तपासणी केली, तेव्हा ते हंस लॅब्राडोरकडून आलेले स्थलांतरी पक्षी असल्याचे निष्पन्न झाले. उद्यानातील स्थायिक हंस त्या प्रसंगात नव्हतेच. तथापि विमानतळाच्या वाटेवर पाच-सहा किलो वजनाचे पक्षी थव्याने वाढू द्यावेत, असे म्हणणेही सुज्ञपणाचे ठरणार नाही.

जुलै २०१० मध्ये ब्रुकलिनमधील प्रॉस्पेक्ट पार्क या उद्यानातून सुमारे ४०० हंस पिसे झडण्याच्या काळात पकडून विषारी वायूने मारण्यात आले. नेहमी फिरावयास येणाऱ्यांना तळे एकाएकी रिकामे दिसले. पाखरांना नावानिशी ओळखणारी माणसे त्यांत होती. निषेधाच्या सभा झाल्या. आपल्याला आधी का सांगितले नाही, हा त्यांतील मुख्य प्रश्न होता. कारवाईचे समर्थन करणाऱ्यांना आजवर त्याचे समाधानकारक उत्तर देता आलेले नाही. २०१९ साली डेन्व्हर शहराने आपल्या उद्यानांतील सोळाशेहून अधिक हंस मारून त्यांचे मांस गरजू कुटुंबांना दिले. तेथेही असाच वाद झाला. वादाची नैतिक बाजू क्षणभर दूर ठेवली तरी एक व्यावहारिक अडचण उरतेच. हिरवळ तशीच व खाऊ घालणारेही तेच असतील, तर रिकाम्या झालेल्या जागेत शेजारच्या तळ्यावरील हंस येऊन राहतात.

अंड्यांना तेल

मारणे नको आणि वाढही नको, अशा पेचातून जो मधला मार्ग निघाला तो मुद्दाम समजून घेण्याजोगा आहे. घरट्यातील अंडी उचलून नेली तर मादी पुन्हा अंडी घालते. म्हणून अंडी तेथेच ठेवून त्यांवर मक्याचे तेल चोपडतात. तेलाने कवचाची सूक्ष्म छिद्रे बुजतात, आत हवा जात नाही व वाढ थांबते. मादी मात्र नेहमीप्रमाणे उबवीत राहते, आणि तिच्या लक्षात येईपर्यंत विणीचा हंगाम सरलेला असतो.

हे काम उबविण्याच्या पहिल्या पंधरवड्यातच करावे, असा दंडक प्राणिदयेचे कार्य करणाऱ्या संस्थांनी घालून दिला आहे. अंड्याचे वय ओळखण्याची युक्ती घरगुती आहे. अंडे भांड्यातील पाण्यात सोडावयाचे. बुडाले तर ते ताजे, तरंगू लागले तर आतील पिल्लू वाढू लागले असे समजून ते जसेच्या तसे घरट्यात परत ठेवावयाचे. दोघांच्या जोडीने जावे लागते, कारण एकाने अंडी हाताळावयाची व दुसऱ्याने उघडलेली छत्री पुढे धरून नराला थोपवावयाचे. संयुक्त संस्थानांत या कामासाठी आगाऊ नोंदणी करावी लागते. कायद्याने रक्षिलेल्या पक्ष्याच्या घरट्याला परवान्याविना हात लावता येत नाही. स्वयंसेवक म्हणून यात भाग घेणाऱ्यांत हंसांवर जीव असलेली माणसेच अधिक दिसतात.

या उपायाला धीर लागतो. हंस वीस-वीस वर्षेही जगतो. जवळजवळ सर्व घरटी शोधून वर्षानुवर्षे तेल लावीत गेल्यास संख्या हळूहळू उतरते. एखाद्या वर्षी कामात खंड पडला की तेवढी पिल्ले त्याच तळ्याची रहिवासी होतात.

भिवविणे आणि खाऊ न घालणे

मेंढ्या राखणाऱ्या बॉर्डर कॉली जातीच्या कुत्र्यांना शिकवून त्यांच्याकरवी हंसांना रोज हुसकावणे, गवतावर द्राक्षाच्या वासाचे, हंसांना नकोसे वाटणारे द्रव्य शिंपडणे, चकाकणाऱ्या फिती बांधणे, असे नाना उपाय योजिले जातात. कुत्र्यांचा उपयोग खरोखर होतो, पण काम सतत चालू ठेवावे लागते, आणि हाकललेले हंस पलीकडच्या गावात उतरतात. प्लॅस्टिकच्या खोट्या कोल्ह्याची गंमत तर दोनचार दिवसांतच संपते. पुढे हंस त्याच्या सावलीत बसलेले दिसतात.

खाऊ घालण्यावर बंदी घालणे कागदावर सोपे वाटते. रॉचेस्टरच्या तळ्याकाठी तर एके काळी नाणे टाकले की हंसांसाठी मका देणारी यंत्रे बसविली होती. ती पुढे काढण्यात आली. पाखरांना दाणे घालणे हे पुण्यकर्म मानणारा समाज केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. मुंबईत २०२५ साली कबुतरखाने बंद करण्यावरून जो क्षोभ उसळला, त्याची आठवण ठेवली म्हणजे अमेरिकेतील नगरसेवकांची अडचण ध्यानी येईल. हातातील तुकडा खाणारा हंस माणसाचे भय विसरतो, गर्दीत राहू लागतो, आणि गर्दी झाली की त्याला पकडणाऱ्यांची गाडी येते. २०२२ पासून उत्तर अमेरिकेतील रानपक्ष्यांत बर्ड फ्लूचा फैलाव झाल्यावर, पाखरांची दाटी होऊ देऊ नये या सूचनेला आणखी एक कारण मिळाले.

काठावरचे उंच गवत

सर्वांत टिकाऊ ठरलेला उपाय दिसावयास अगदी साधा आहे. पाण्याच्या कडेने काही मीटर रुंदीचा पट्टा न कापता सोडावयाचा व त्यात त्या भूमीतील उंच गवते आणि झुडपे वाढू द्यावयाची. गुडघ्याहून उंच गवतात शत्रू दडला असेल या भयाने हंस पिल्लांना घेऊन त्यातून जावयास धजत नाही. विष्ठेतील द्रव्ये पाण्यात जाण्यापूर्वी अशा पट्ट्यात अडतात व काठाची मातीही धरून राहते.

या उपायाला विरोध होतो तो हंसप्रेमींकडून नव्हे, तर नीटनेटकेपणाच्या भोक्त्यांकडून. गवत वाढले म्हणजे माळी कामचुकार आहेत आणि आपला कर वाया जात आहे, अशी पत्रे येऊ लागतात. तळे दिसत नाही म्हणून बाकावर बसणारे नाराज होतात. तेव्हा हे गवत हेतुपुरस्सर राखले आहे, अशा पाट्या काठावर लावाव्या लागतात. पट्टा भरून येण्यास दोन-तीन हंगाम लागतात. तोवर मासे धरणाऱ्यांनी गवतातून पायवाट पाडली, तर तेवढी फट हंसांना पुरते. तिच्यातून ते एकामागून एक, पिल्ले मध्ये घेऊन, पुन्हा हिरवळीवर येतात. म्हणून जेथे हा प्रयोग नेटाने चालला आहे तेथे पायवाट सरळ न ठेवता नागमोडी करतात, म्हणजे अलीकडच्या टोकावरून पलीकडचे पाणी दिसत नाही आणि हंस वाटेच्या तोंडाशीच थबकतो.