एलटीएस की नवा कर्नल? पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. ज्या जुन्या संगणकांवर विंडोज ११ चालत नाही, ते भंगारात घालण्याआधी त्यांच्यावर लिनक्स घालून पाहावं. सातारा-सांगली भागात त्यासाठी जाणकार शोधायला लांब जायला नको. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा स्वतःचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे. मात्र लिनक्स घालताना कर्नलचा प्रश्न येतोच. हार्डवेअर आणि प्रोग्रॅम यांची गाठ घालून देणारा हा गाभा दीर्घ मुदतीचा, म्हणजे एलटीएस घ्यावा, की ताजा?

गैरसमज १ : आकडा बदलला म्हणजे मोठी झेप.
वस्तुस्थिती : नवा कर्नल दर नऊ-दहा आठवड्यांनी येतो. ५.१९ नंतर ऑक्टोबर २०२२ मध्ये ६.० आला, तो केवळ दशांश चिन्हापुढचा आकडा फार वाढू नये म्हणून. लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांनी हे वेळोवेळी सांगितलं आहे.

गैरसमज २ : एलटीएस म्हणजे जुनाट आणि असुरक्षित.
वस्तुस्थिती : साधारणपणे वर्षातला शेवटचा कर्नल एलटीएस म्हणून निवडला जातो. नोव्हेंबर २०२४ चा ६.१२ हा असाच. पुढे त्यात नव्या सोयींची भर पडत नाही, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या सतत येत राहतात. ग्रेग क्रोआ-हार्टमन आणि साशा लेव्हिन हे काम पाहतात. दुरुस्ती आधी मुख्य कर्नलमध्ये जाते, मगच एलटीएसमध्ये उतरते.

गैरसमज ३ : नवा कर्नल म्हणजे कच्चं काम.
वस्तुस्थिती : प्रत्येक कर्नल बाहेर पडण्याआधी काही आठवडे चाचणी आवृत्त्यांमधून जातो. चालू असलेले प्रोग्रॅम नव्या कर्नलमुळे बंद पडता कामा नयेत, हा तोरवाल्ड्स यांचा कडक नियम आहे. त्रास होतो तो बहुधा कर्नलबाहेरच्या ड्रायव्हरांचा, उदाहरणार्थ एनव्हिडियाच्या. नव्या कर्नलची खरी अडचण वेगळीच आहे : पुढचा आला की थोड्याच दिवसांत आधीच्याची देखभाल थांबते. म्हणजे हा मार्ग धरला की दर दोन-तीन महिन्यांनी पुढे सरकावंच लागतं.

गैरसमज ४ : उबुंटू एलटीएस घेतलं की कर्नलही एलटीएसच.
वस्तुस्थिती : उबुंटू २४.०४ एलटीएस ६.८ कर्नलसह आलं, आणि मूळ कर्नल प्रकल्पाच्या एलटीएस यादीत ६.८ कधीच नव्हता. त्याची देखभाल कॅनॉनिकल ही कंपनी स्वतः करते. त्याच उबुंटूवर नव्या हार्डवेअरसाठी अधिक ताजा कर्नलही मिळतो. डेबियन १२ मध्ये ६.१ आणि डेबियन १३ मध्ये ६.१२ आहे, हे दोन्ही मात्र मूळ यादीतले एलटीएस कर्नल आहेत.

गैरसमज ५ : एलटीएस घातला की काळजी मिटली.
वस्तुस्थिती : त्यालाही मुदत असते. नोव्हेंबर २०१९ च्या ५.४ ची देखभाल डिसेंबर २०२५ मध्ये थांबली. शिवाय अपडेट उतरवून भागत नाही. संगणक पुन्हा सुरू करेपर्यंत सहसा जुनाच कर्नल चालू राहतो. महिनोन्महिने बंद न झालेल्या सर्व्हरवर दुरुस्ती डिस्कवर पडून असते आणि भोक तसंच उघडं असतं.

मग निवडायचं कसं?
शाळेची लॅब, पतसंस्थेचा सर्व्हर, साखर कारखान्याच्या वजनकाट्याचा संगणक यांना एलटीएसच घ्यावा. काट्याच्या संगणकावर मोठा बदल गाळप हंगाम संपल्यावर करावा. सुरक्षेच्या दुरुस्त्या मात्र हंगामातही थांबवू नयेत. नव्या लॅपटॉपचं वायफाय किंवा ग्राफिक्स चालत नसेल, तर ताजा कर्नल घ्यावा. बदलण्याआधी जुना कर्नल बूट मेनूत ठेवावा. नवा अडला तर त्या यादीतून जुना निवडून काम चालू ठेवता येतं.

एलटीएस आणि ताजा, दोन्ही मार्ग चांगले आहेत. धोका आहे तो कोणीच सांभाळत नसलेल्या कर्नलचा. म्हणून टर्मिनलमध्ये 'युनेम' आज्ञा 'आर' पर्यायासह देऊन आपल्या कर्नलचा आकडा पाहा. मूळ प्रकल्प किंवा आपलं वितरण (उबुंटू, डेबियन वगैरे) यांपैकी कोणीही त्याची देखभाल करत नसेल, तर बदलाची तयारी आजच सुरू करा.