यंत्राचा ठेका आणि विरहाचें गाणें

हल्लींच्या तरुण मंडळींच्या कानांत जीं गाणीं दिवसभर घुमत असतात, त्यांपैकीं पुष्कळशीं विरहाचीं असतात, आणि त्यांच्या साथीस माणूस बहुधा नसतोच. ठेका यंत्राचा, सूरहि यंत्राचे. ज्यास कधीं कोणाचा वियोग झाला नाहीं, त्या यंत्रानें विरहाची साथ करावी, हें कित्येकांस विपरीत वाटतें. म्हणून असें गाणें तयार कसें होतें, तें आधीं पाहूं. दृष्टांत मात्र आपल्या सातारा-सांगलीकडचेच घेणार आहें.

प्रथम ठेका. ठेक्याच्या यंत्रावर एका आवर्तनाचे सोळा समान खण असतात. जेथें आघात हवा तेथील कळ दाबावयाची. मग यंत्र तो ठेका अहोरात्र, केसभरहि न चुकतां, देत राहतें. जपानच्या रोलँड कंपनीनें १९८० सालीं काढलेलें टीआर-८०८ हें यंत्र या कामीं जगभर नांवाजलें गेलें. मुंबईच्या चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं याच यंत्राच्या साथीनें रागांची एक तबकडी काढली होती.

नंतर सूर. विजेच्या दाबाला सेकंदास ४४० वेळां आंदोलन दिलें, तर ध्वनिक्षेपकांतून एक स्वर निघतो. आंदोलन करवतीच्या दात्यांसारखें असेल, तर त्या स्वरांत वरचे उपस्वर दाटीनें भरलेले असतात, आणि तो कर्कश लागतो. विजेच्या गाळणीनें ते उपस्वर अडविले, कीं तोच स्वर मऊ, भिंतीपलीकडून आल्यासारखा वाटूं लागतो. विरहाच्या गाण्यांत या गाळणीचा उपयोग फार. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा धागा सरकवून जवारी लावतो, तेव्हां तो हेच उपस्वर खुलवीत असतो. तेथें खुलवावयाचे, येथें झांकावयाचे. कान दोहोंकडे तितकाच तयार लागतो.

राहिला आवाज. आशा भोसले यांचा जन्म १९३३ सालीं सांगलीकडचा. त्यांचे पती, संगीतकार राहुलदेव बर्मन, १९९४ च्या जानेवारींत निवर्तले. त्याच दशकांत आशाबाईंनीं त्यांचीं गाणीं नव्या ठेक्यांवर बसवून ‘राहुल अँड आय’ या नांवानें काढलीं. तीं लोकप्रिय झालीं. पण जुन्या चालींशीं खेळ केला, अशी टीकाहि झाली, आणि टीकाकारांत खय्याम यांच्यासारखे संगीतकार होते.

जुन्या चालीस हात लावावा कीं नाहीं, हा वाद मी जाणत्यांवर सोडतों. परंतु ठेका यांत्रिक आहे, एवढ्यानेंच भाव मरतो, हें मला पटत नाहीं. सातारा जिल्ह्यांतील खेड्यांतून बायका पहाटे दळतांना ओव्या म्हणत. माहेर दूर, धनी मुंबईस गिरणींत. जात्याची घरघर एकसारखी. तिला ना सुख ना दुःख. ओवी मात्र त्या फेऱ्यावर कधीं पुढें धांवे, कधीं एखाद्या शब्दावर रेंगाळे, दम लागला कीं मध्येंच तुटे. दगड आपली गति सोडीत नसे, म्हणूनच तें रेंगाळणें कानास कळे.

आजची गायिकाहि हेडफोनमधून तोच एकसारखा ठेका ऐकत गाते आणि शब्द मात्रेच्या किंचित मागें ठेवते. मिनिटास शंभर मात्रा धरल्या, तर एक मात्रा सेकंदाच्या सहा दशांशाएवढी. त्याचा लहानसा अंश उशीर झाला, तरी हुरहूर लागते. धोका आहे तो यापुढें. ऑटो-ट्यून नांवाची युक्ति १९९७ सालीं निघाली. तिनें ढळलेला सूर सरळ होतो. उशिरा आलेला शब्दहि संगणकावर ओढून खणांत नेमका बसवितां येतो. हात आवरला नाहीं, तर हुंदका आणि चूक हीं दोन्ही एकाच झाडूनें झाडलीं जातात.

घरांतील मुलें असें एखादें गाणें लावतील, तेव्हां ठेक्यास कंटाळून उठून न जातां, शब्द मात्रेवर पडतो कीं तिच्या मागाहून येतो, एवढेंच ऐकून पाहावें.