हुकूम रुळाला की इंजिनाला? मॉडेल रेल्वेची वीज आणि नियंत्रण

मॉडेल रेल्वेच्या इंजिनात इंधन नसते आणि बहुधा बॅटरीही नसते. त्याला लागणारी वीज एका रुळातून येते, धातूच्या चाकावाटे आत शिरते, छोटी मोटर फिरवते आणि दुसऱ्या रुळाने परत जाते. येथे रूळ हे गाडीचा मार्गही असतात आणि विजेची तारही. या दुहेरी कामामुळेच खेळण्याएवढी दिसणारी गाडी नीट चालवणे हा विचार करण्याजोगा विषय होतो.

सर्वांत सोपी पद्धत डीसीची. कंट्रोलर घरातल्या विजेचे रूपांतर शून्य ते १२ व्होल्ट एकदिश प्रवाहात करतो. नॉब फिरवला की व्होल्टेज वाढते आणि गाडी वेग घेते. धन आणि ऋण ध्रुवांची अदलाबदल केली की ती उलट धावते. उजवा रूळ धन असेल तर इंजीन पुढे जाते, असा संकेत ठरलेला आहे. त्यामुळे इंजीन उचलून तोंड फिरवून ठेवले तरी ते रुळावर पूर्वीच्याच दिशेने निघते, कारण दिशा इंजिनाची नसून रुळाची असते. १६.५ मिलिमीटर गेजच्या, म्हणजे १:८७ प्रमाणातल्या एचओ गाड्या असोत की ९ मिलिमीटर गेजच्या एन गाड्या, नवशिक्यांच्या बहुतेक संचांत हीच पद्धत असते. एका गोल मार्गावर एक गाडी, एवढीच हौस असेल तर यापलीकडे काही घेण्याची गरज नाही. फक्त चांगला कंट्रोलर घ्यावा. स्वस्त संचातल्या कंट्रोलरवर गाडी एकदम उसळी मारून सुटते. तुटक स्पंदांच्या रूपात वीज देणाऱ्या कंट्रोलरवर तीच गाडी फलाटावरून खऱ्या गाडीसारखी हळूच हलते.

अडचण दुसरे इंजीन आणले की सुरू होते. रुळातली वीज दोघांनाही सारखीच मिळते, त्यामुळे एक थांबवावे तर दुसरेही थांबते. यावरचा जुना उपाय खऱ्या रेल्वेच्या ब्लॉक पद्धतीची आठवण करून देतो. रूळ ठिकठिकाणी कापून विजेच्या दृष्टीने वेगळे खंड करायचे आणि कोणता खंड कोणत्या कंट्रोलरला जोडायचा हे बटनांनी ठरवायचे. गाडी पुढच्या खंडात शिरण्याआधी बटन टाकले नाही तर ती वाटेत अडते. दोन खंडांचे ध्रुव उलटे असतील तर चाके सांध्यावरून जाताच शॉर्ट होते. दोन कंट्रोलर आणि दहा-बारा खंड झाले की फळीखाली तारांचे जंगल उगवते. अनेक हौशींनी अशा मांडण्या वर्षानुवर्षे उत्तम चालवल्या आहेत, पण त्यात चालवणाऱ्याचे निम्मे लक्ष गाडीऐवजी बटनांवर राहते.

जर्मनीतल्या ग्योपिंगेन येथील मेर्कलिन कंपनीने वेगळी वाट धरली. तिच्या एचओ गाड्या सुमारे १६ व्होल्ट एसीवर चालत. दोन्ही बाहेरचे रूळ एकाच टोकाला जोडलेले असत आणि दुसरे टोक स्लीपरांच्या मधोमध असलेल्या बारीक खुंट्यांना. इंजिनाखालची पट्टी त्या खुंट्यांवरून घसरत वीज घेई, आणि दिशा बदलण्यासाठी २४ व्होल्टचा क्षणिक झटका दिला जाई. डीसी आणि एसीचा हा भेद मुंबईकरांना अनोळखी नाही. उपनगरी मार्गांवर १९२५ पासून असलेली १५०० व्होल्ट डीसी वीज जाऊन सगळीकडे २५,००० व्होल्ट एसी येण्याचे काम २०१६ मध्ये पुरे झाले, आणि मधल्या काळात दोन्ही विजांवर चालणारी इंजिने बांधावी लागली. मॉडेलच्या जगातही मेर्कलिनचे तीन वाहक असलेले रूळ आणि इतरांचे दोन रूळ यांच्या गाड्या एकमेकांवर तशाच चालत नाहीत. पहिली खरेदी करतानाच ही निवड होऊन जाते, म्हणून ती समजून करावी.

मोठा बदल घडला तो डिजिटल नियंत्रणाने. त्यातली सर्वांत पसरलेली पद्धत डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल. जर्मनीच्या लेंझ कंपनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिचा पाया घातला आणि अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने १९९० च्या दशकात तिला खुल्या मानकाचे रूप दिले. खुले मानक म्हणजे एका कंपनीचे नियंत्रण केंद्र दुसऱ्या कंपनीच्या इंजिनाला चालवू शकते. ग्राहकाच्या दृष्टीने याहून मोलाची गोष्ट या क्षेत्रात झालेली नाही.

डीसीसीत रुळांतले व्होल्टेज कमीजास्त होत नाही. एचओसाठी सुमारे १४ ते १६ व्होल्ट कायम सोडलेले असतात, मात्र त्यांचे ध्रुव सेकंदाला हजारो वेळा पालटतात, आणि या पालटण्याच्या लयीत संदेश दडलेला असतो. प्रत्येक आवर्तनाचा अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो ‘१’, १०० मायक्रोसेकंदांचा किंवा त्याहून लांब असेल तर ‘०’. अशा एक-शून्यांच्या माळेतून “३ नंबरच्या इंजिना, पुढे चल, अमुक वेग घे” असा हुकूम जातो. तो सगळ्याच इंजिनांपर्यंत पोहोचतो, पण प्रत्येकात बसवलेला डीकोडर आपला नंबर आला तरच ऐकतो. तोच डीकोडर रुळातली वीज सरळ करून मोटरला हवी तेवढी देतो. आता दिशा इंजिनाची झाली: ‘पुढे’ म्हणजे त्याचे तोंड जिकडे असेल तिकडे. एकाच रुळावर दोन इंजिने समोरासमोर आणता येतात, एका गाडीला दोन इंजिने जोडता येतात, उभ्या गाडीचे दिवे पेटते राहतात आणि शिट्टीचा आवाज इंजिनातूनच येतो.

नव्या डीकोडरचा पत्ता बहुधा ३ असतो. तो बदलून इंजिनावर रंगवलेल्या क्रमांकाचे चार आकडेही देता येतात. सीव्ही नावाच्या छोट्या नोंदींत इंजिनाचा स्वभाव लिहिलेला असतो. सीव्ही ३ वाढवला की गाडी जड मालगाडीसारखी सावकाश वेग घेते, सीव्ही ४ वाढवला की थांबायलाही तितकीच लांबी घेते. दोन वेगळ्या बनावटीची इंजिने एकाच वेगाने पळावीत म्हणून या नोंदींशी झटण्यात हौशींच्या कितीतरी संध्याकाळी जातात, आणि त्या वाया जात नाहीत.

डीसीसी घेताना लोक केंद्राच्या बटनांची आणि पडद्याची तुलना करतात. त्यांनी आधी पाहायला हवा तो ॲम्पिअरचा आकडा. आजचे एचओ इंजीन साधारण अर्धा ॲम्पिअर किंवा कमी करंट खाते, एन त्याहून कमी, जुनी जड मोटर एक ॲम्पिअरपर्यंत जाते, आणि ३२ मिलिमीटरच्या ओ गेजला याहून अधिक लागते. एका वेळी चालणाऱ्या इंजिनांचा करंट मिळवावा, दिवे आणि आवाजासाठी थोडी शिल्लक ठेवावी. तीन-चार एचओ गाड्यांना तीन ॲम्पिअर पुरतात. उगाच मोठा आकडा घेऊ नये. पंधरा व्होल्ट आणि पाच ॲम्पिअर म्हणजे ७५ वॉट, आणि रुळावरून घसरलेल्या चाकात एवढी शक्ती एकवटली तर प्लॅस्टिक वितळते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे वायरिंग. दुकानात कोणी त्याबद्दल फारसे बोलत नाही, पण बिघडलेल्या मांडणीचे कारण बहुतेक वेळा तिथेच सापडते. रुळांना जोडणाऱ्या बारीक फिशप्लेट काही महिन्यांत काळवंडतात आणि वीज अडवतात. म्हणून फळीखालून घरगुती वायरिंगची जाड तार फिरवावी, खोलीएवढ्या मांडणीला १.५ आणि त्याहून मोठीला २.५ चौरस मिलिमीटरची. तिच्यापासून दर मीटरभर अंतरावर रुळाला आखूड बारीक तारेने डाख द्यावा. मग नाण्याची परीक्षा घ्यावी: रुपयाचे नाणे जागोजागी दोन्ही रुळांवर आडवे टेकवावे. प्रत्येक ठिकाणी केंद्राने तत्काळ ट्रिप व्हायला हवे. एखाद्या कोपऱ्यात ते ट्रिप झाले नाही तर तिथे तार अपुरी आहे, आणि खरा शॉर्ट झाला की ती जागा तापेल. ही परीक्षा डीसीसी मांडणीसाठी आहे आणि ती गाड्या ठेवण्यापूर्वीच घ्यावी.

रूळ वळसा घेऊन स्वतःलाच मिळतो तिथे डावा रूळ उजव्याला भिडतो आणि शॉर्ट होतो. डीसीसीत आपोआप ध्रुव बदलणारे छोटे यंत्र त्या वळशावर बसवले की प्रश्न मिटतो. मेर्कलिनच्या मधल्या खुंट्यांच्या रचनेत तो उद्भवतच नाही.

सांधे बदलणाऱ्या मोटरींना मात्र शक्यतो वेगळी वीज द्यावी. सांधा चुकीच्या बाजूला असताना इंजीन त्यावर चढून शॉर्ट झाला आणि सांध्याची मोटरही त्याच रुळावर जगत असेल, तर सांधा सरकवून शॉर्ट सोडवता येत नाही.

रुळांतून वीज न घेणारा मार्गही आहे: गाडीत बॅटरी आणि हुकूम रेडिओवरून. ४५ मिलिमीटर गेजच्या बागेतल्या गाड्यांना तो फार सोयीचा, कारण माती आणि पावसाने काळवंडलेले रूळ घासत बसावे लागत नाही. एनच्या चिमुकल्या इंजिनात अजून बॅटरीला पुरेशी जागा मिळत नाही.

भारतात बाहेरून संच आणताना वीजपुरवठ्याकडे बारकाईने पाहावे लागते. अमेरिकी पॉवरपॅक १२० व्होल्टचा आणि जपानी १०० व्होल्टचा असू शकतो. तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात घातला की जळतो. ॲडॅप्टरवर १०० ते २४० व्होल्ट छापलेले असेल तरच तो थेट लावावा. २३० व्होल्ट बंद ॲडॅप्टरमध्येच संपावेत, फळीखाली येऊ नयेत. ज्यांना डाखकाम आणि प्रोग्रॅमिंगची आवड आहे, त्यांना मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या आर्डुइनो बोर्डावर डीसीसी-ईएक्स हे मोफत सॉफ्टवेअर चढवून स्वतःचे केंद्र करता येते, आणि मोबाइल हाच थ्रॉटल, म्हणजे गाडी चालवण्याचा हातातला नॉब होतो.

निवड करताना एकच गोष्ट आधी ठरवावी: एका वेळी किती गाड्या आणि किती हात. एक गाडी, एक हात असेल तर डीसी. दोन स्वतंत्र गोल मार्ग असतील तर दोन डीसी कंट्रोलर. यार्ड, फाटे आणि दोन-तीन जण चालवणारे असतील तर डीसीसीच. हॅम्बुर्गच्या मिनिआटूर वुंडरलांडमध्ये हजाराहून अधिक गाड्या संगणकाच्या देखरेखीखाली फिरतात. तिथे हाताने बटने टाकत बसणे शक्यच नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघु रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून खुले आहे. अनेक गाड्या एकाच वेळी शिस्तीत धावताना कशा दिसतात, हे खरेदीपूर्वी तिथे पाहून यावे.

घरात आधीच डीसी इंजिने असतील तर घाईने टाकून देऊ नयेत. आठ पिनांचे किंवा एकवीस पिनांचे सॉकेट असलेल्या इंजिनात डीकोडर काही मिनिटांत बसतो. जुन्या इंजिनात मात्र मोटरचे दोन्ही ब्रश सांगाड्यापासून पूर्ण वेगळे आहेत का, हे मीटरने तपासावे. एक जरी टेकलेला असेल तर नवा डीकोडर पहिल्याच क्षणी जळतो. डीकोडर नसलेले इंजीन डीसीसीच्या रुळावर उभे ठेवू नये. ते जागच्या जागी गुणगुणते, मोटर तापत जाते, आणि नाजूक कोअरलेस मोटर थोड्याच वेळात कायमची निकामी होते.