घासून नवी न होणारी फरशी

जुन्या चाळीतल्या मोझेक फरशीवर वर्षानुवर्षं पलंग सरकवले, कपाटं ओढली, शिलाई मशीन इकडून तिकडे नेलं, तरी तिचं फारसं बिघडत नसे. पॉलिशवाला मशीन घेऊन यायचा, पाणी ओतून घरभर राखाडी चिखल करायचा आणि काम संपेपर्यंत दगडाच्या कपच्या पुन्हा चमकू लागायच्या. वरचा थर थोडा झिजवला की खालून तीच फरशी निघते. शहाबादी, कोटा, संगमरवर तर अखंड दगडच. त्यांनाही असं घासता येतं.

आज नव्या फ्लॅटमध्ये बहुधा व्हिट्रिफाइड टाइल असते, बरीचशी गुजरातेतल्या मोरबीची. तिच्यातल्या ग्लेझ्ड प्रकारात संगमरवराचं चित्र छापलेलं असतं आणि त्यावर काचेसारखा पातळ लेप. हे सगळं मिळून मिलिमीटरभरही जाड नसतं. ते खरवडलं गेलं की खालची टाइल उघडी पडते आणि कुठलंही पॉलिश ते परत आणू शकत नाही. म्हणून घर लावताना सोफ्याच्या कापडाइतकाच त्याच्या पायांचाही विचार व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

ओरखडा नेमका कोण काढतं, ते आधी बघू. कठीणपणाच्या मोह्स मापावर संगमरवर 3 च्या आसपास आहे, शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगडही तिथेच. टाइलचा लेप साधारण 5 ते 6. आणि चपलांबरोबर घरात येणाऱ्या वाळूतला क्वार्ट्झ 7. टेबलाचा लाकडी पाय दगडाला ओरखडूच शकत नाही. पायाखाली अडकलेला वाळूचा कण ओरखडतो. त्यामुळे दारातलं जाड पायपुसणं आणि खुर्च्या उचलून काढलेला केर, फरशीचं निम्मं रक्षण इथेच होतं.

उरलेल्या निम्म्यासाठी पायांना फेल्टच्या चकत्या लावतात. चांगला उपाय, पण चकतीत वाळू रुतून बसली की तीच सँडपेपर होते. महिन्यातून एकदा खुर्ची उलटी करून चकती बोटाने चाचपावी, खरखरीत लागली तर बदलावी. लोखंडी पाइपच्या खुर्च्यांना रबरी बूच बसवतात. पाइपची धार थोड्याच दिवसांत बुचाचा तळ कापते आणि लोखंड थेट फरशीवर येतं. बूच बसवण्याआधी आत पाइपच्या मापाचा वॉशर टाकला की ते बरंच टिकतं. घरात व्हिनाइलची फरशी असेल तर मात्र रबर नकोच. रबरातली रसायनं व्हिनाइलमध्ये उतरून पिवळट-तपकिरी डाग पडतो आणि तो पुसून जात नाही.

आता स्टीलचं कपाट. साड्या, कागदपत्रं, पितळी भांडी भरून ते 200 किलोंचं झालं असं धरू. चार पायांचा टेका प्रत्येकी 4 चौरस सेंटिमीटर असेल, तर दर चौरस सेंटिमीटरवर साडेबारा किलो भार येतो. तेच पाय 10 सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या जाड लाकडी ठोकळ्यांवर ठेवले की भार अर्ध्या किलोवर येतो. टाइल बसवताना खाली माल नीट भरला नसेल तर ती आतून पोकळ राहते आणि नेमकी अशा पायाखाली तडकते. कपाटाची जागा ठरवण्याआधी तिथल्या टाइलवर नाणं वाजवून पाहावं. आवाज पोकळ आला तर जागा बदलावी. ठोकळ्यांमुळे कपाटाचे पाय ओल्या पोछ्यापासूनही लांब राहतात आणि गंज चढत नाही.

गंजावरून आठवतो तो स्वयंपाकघरातला तपकिरी गोल. भरलेला घरगुती सिलिंडर जवळपास 30 किलोंचा. दारापासून ओट्यापर्यंत तो तिरपा करून काठावर फिरवत नेला जातो, म्हणजे सगळं वजन लोखंडाच्या एका बिंदूवर. मग महिनाभर तो ओल्या फरशीवर उभा. चाकांच्या ट्रॉलीने यातलं बरंचसं टळतं. डाग पडलाच तर संगमरवरावर किंवा शहाबादीवर ॲसिड, लिंबू, व्हिनेगर यांतलं काहीही घालू नये. चुनखडीचा दगड आम्लात विरघळतो. डाग फिका होईल, पण चकाकी जाईल आणि पुन्हा पॉलिश केल्याशिवाय परत येणार नाही.

टाइलवर काळी रेघ दिसली तर लगेच हाय खाऊ नये. तिच्यावरून नख फिरवावं. नख अडकलं तर ओरखडा. अडकलं नाही तर बहुधा टाइलपेक्षा मऊ धातू तिच्यावर घासून उतरलेला असतो, पेन्सिलीची रेघ कागदावर उतरते तसा. भांड्यांची पावडर ओल्या फडक्यावर घेऊन हलक्या हाताने चोळली की ती निघते. दगडी फरशीवर ही पावडर वापरू नये.

दिवाळीच्या साफसफाईत किंवा गणपतीच्या मखरासाठी जड सामान हलवताना आधी जागा झाडून घ्यावी, कपाट रिकामं करावं, दोघांनी एक बाजू जरा उचलून पायांखाली जुनी सतरंजी किंवा दुहेरी गोणपाट सरकवावं आणि सामान नव्हे, सतरंजी ओढावी.

नव्या घरात टाइल बसवून झाल्यावर उरलेला बॉक्स कंत्राटदाराला परत देऊ नका. पुढच्या बॅचमध्ये तोच नमुना मिळाला तरी छटा जुळेल याची खात्री नसते. सात-आठ टाइल माळ्यावर उभ्या ठेवा, आणि बॉक्सवरचा बॅच नंबर व छटेचा कोड कापून त्यांनाच चिकटवा.