फॉरमॅट मारण्याआधी

काम सुरळीत चाललेलं असतं आणि मध्येच पडदा थिजतो. माउसचा बाण हलत नाही, कोपऱ्यातलं घड्याळ आहे त्या मिनिटावर अडकतं. बटण दाबून धरलं, मशीन पुन्हा सुरू केलं, की दोन-तीन दिवस काही तक्रार नसते. दुकानात नेलं तर तिथे ते दिवसभर शहाण्यासारखं चालतं. मग ठरलेला सल्ला मिळतो, "फॉरमॅट मारून टाकू." हा सल्ला घाईचा आहे. अधूनमधून उगवणाऱ्या बिघाडात मागे राहिलेल्या खुणा हाच काय तो आधार असतो, आणि फॉरमॅट मारताना सर्वांत आधी त्याच पुसल्या जातात.

पहिली खूण मशीन थिजलेलं असतानाच मिळते. कॅप्स लॉक दाबून पाहा. दिवा लागत-विझत असेल तर विंडोजचा गाभा बहुधा जिवंत आहे. अडलंय ते ग्राफिक्सपाशी किंवा डिस्कपाशी. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबली की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, आणि कधी कधी पडदा लुकलुकून कामाला लागतो. दिवा ढिम्म असेल आणि स्पीकरमधून गाण्याचा एकच तुकडा टर्रर्र करत घोळत असेल, तर दुखणं खोल आहे. साउंड कार्ड मेमरीतला तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचत असतं, कारण पुढचा भरून द्यायला प्रोसेसर जागेवर नसतो. तेव्हा रॅम, प्रोसेसर, मदरबोर्ड आणि एसएमपीएसकडे वळायचं.

अर्धा-एक मिनिट अडकून मशीन आपोआप सुटत असेल, तर संशय डिस्कवर घ्यावा. खराब सेक्टर वाचायचा प्रयत्न डिस्क पुन्हा पुन्हा करते आणि विंडोज वाट पाहत बसतं. शेवटी डिस्क रीसेट केल्याची १२९ क्रमांकाची नोंद विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये उमटते. तिथल्याच ४१ क्रमांकाच्या नोंदीने अनेक जण घाबरतात, पण मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं, एवढंच ती सांगते. डिस्क स्वतःही 'स्मार्ट' नावाची नोंद ठेवते. त्यात १९७ क्रमांकापुढचा आकडा वाढत असेल तर त्याच दिवशी बॅकअप घ्या. १९९ पुढचा वाढत असेल तर डिस्क बहुधा ठणठणीत असते, दोष सॅटा केबलचा असतो. एका केबलपायी चांगली डिस्क भंगारात जाऊ नये.

रॅमचं दुखणं याहून छुपं. तिच्या प्रत्येक कप्प्यात अतिसूक्ष्म विद्युतभार असतो आणि तो साधारण दर ६४ मिलिसेकंदांनी ताजा करावा लागतो. एखादा कप्पा कमजोर असला तरी तिथे महत्त्वाचं काही येऊन पडेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. टोरांटो विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गूगलच्या संशोधकांनी २००९ साली गूगलच्या सर्व्हरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक रॅम-पट्ट्यांमध्ये चुका आढळल्या होत्या, आणि बहुतेकींचं मूळ हार्डवेअरच्या दोषात असावं असं दिसत होतं. सर्व्हरची रॅम अशा चुका पकडते. घरच्या मशीनमध्ये सहसा ती सोय नसते. म्हणून पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ सुरू करून रात्रभर चालू द्यावं. एकही चूक दिसली तर एकेक पट्टी काढून पुन्हा तपासावं. दुकानात पट्टीचे सोनेरी संपर्क खोडरबराने घासतात, त्याचा उपयोग होतो. पण घासणं आणि पट्टीची जागा बदलणं एकाच वेळी केलं तर गुण कशाने आला ते कळत नाही.

खूणही फसवू शकते. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचे वरच्या श्रेणीतले डेस्कटॉप प्रोसेसर असलेल्या अनेकांना गेम खेळताना 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश दिसे आणि गेम बंद पडे. साहजिकच संशय ग्राफिक्स कार्डवर गेला. खरा दोष प्रोसेसरमध्ये होता: जास्त व्होल्टेज आणि उष्णतेने त्यातलं घड्याळाचं सर्किट अकाली झिजत होतं. इंटेलने २०२४ साली हे मान्य करून मायक्रोकोडच्या दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. या दुरुस्त्या मदरबोर्डच्या बायॉसमधून येतात. पण त्या पुढची झीज रोखतात, झालेली भरून काढत नाहीत. ज्यांच्याकडे या पिढीचं मशीन आहे त्यांनी आधी बायॉस अद्ययावत करावं. त्यानंतरही ते थिजत राहिलं, तर प्रोसेसर बदलून मागावा.